पेटी वाजवणाऱ्याने स्वस्तातला मिडी कंट्रोलर कोणता घ्यावा? (बजेट १० हजार)

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी.

गांधर्वच्या मध्यमा पूर्णपर्यंत पेटी शिकले आहे आणि भजनी मंडळात साथ करते. हल्ली स्वतः चाली लावायला लागलेय. त्या घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. पेटीसमोर माईक लावून पाहिलं, पण आमच्या घरी कुकर, टीव्ही आणि खालच्या गल्लीतले रिक्षावाले यांच्याशिवाय एक ओळ रेकॉर्ड होत नाही. म्हणून मिडी कीबोर्ड, म्हणजेच कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, कुठली पट्टी दाबली ते फक्त लॅपटॉपला कळवणारा) घ्यावा असं मनात आहे. पेटी, तानपुरा, थोडी बासरी, मागे हलके व्हायोलिन, एवढंच लागतं. तबला लूपचा चालेल.

लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) टाकलंय. बजेट १० हजार, फार तर हजारभर वर. नेटवर बघायला गेलं की सगळे बीट बनवणारेच दिसतात. पेटीवाल्यांनी काय घ्यावं ते कुणी सांगत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

बीट_बंड्या

डोळे झाकून अकाई एमपीके मिनी. २५ कीज, ताल वाजवायला ८ पॅड, फिरवायचे ८ नॉब, अर्पेजिएटर (धरलेले सूर आपोआप एकामागोमाग वाजवतो), छोटा डिस्प्ले. बॅगेत मावतो. सोबत एमपीसी बीट्स हे बीट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पॅड तर या किमतीत असे दुसरीकडे नाहीत. अर्ध्या पुण्याकडे हाच आहे. विषय संपला.

मंद्रपंचम

बंड्या, विषय आत्ता सुरू झालाय :)

केतकीताई, एमपीके मिनी वाईट नाही, पण त्याच्या किमतीतला मोठा भाग पॅड आणि नॉबचा आहे. तुम्ही तबला लूपचा वापरणार, म्हणजे पॅड धूळ खाणार. आधी दोन गोष्टी सांगा. दोन्ही हातांनी वाजवणार की पेटीसारखं एकाच? आणि कंट्रोलर ठेवणार कुठे?

केतकी_ठाणे

एकाच हाताने. कॉर्ड वगैरे येत नाहीत, शिकायची घाईही नाही. टेबल नाही, चौरंगावर ठेवून मांडी घालूनच बसणार.

पोटमाळा_स्टुडिओ

कीबोर्ड निवडायच्या आधी एक सांगतो, नाहीतर दहा हजार खर्च करून "हा खराब आहे, उशिरा वाजतो" असा दुसरा धागा येईल.

पट्टी दाबल्यापासून आवाज कानात पडेपर्यंत जो उशीर होतो, तो मिडी कंट्रोलरमुळे जवळपास नसतोच. तो होतो लॅपटॉपच्या साउंड ड्रायव्हरमुळे. ४४.१ किलोहर्ट्झला बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी लॅपटॉप जेवढा साठवतो तो तुकडा) ५१२ सॅम्पलचा असेल तर एकट्या बफरचे साडेअकरा मिलिसेकंद जातात, १२८ ला तेच तीनच्या आत येतं. विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर याहून बराच जास्त उशीर लागू शकतो. म्हणून रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'असिओ' (कमी उशीर लावणारा ड्रायव्हर) निवडायचं. वेगळा ऑडिओ इंटरफेस (बाहेरून लावायचं साउंड कार्ड) नसेल तर असिओफोरऑल नावाचा फुकट ड्रायव्हर आहे, सुरुवातीला तो चालेल. आवाज फुटायला, चरचरायला लागला की बफर एक पायरी वाढवायचा.

आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायचं नाही. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो, द्रुत लयीत हात आणि कान यांची फारकत होते. तारवाला हेडफोन, भले पाचशेचा असो.

बीट_बंड्या

+१ ब्लूटूथला. बाकी एमपीके मिनीवर मी अजून ठाम आहे.

मंद्रपंचम

आता मुद्द्याचं. थोडं लांबेल.

पेटीचा आवाज भात्यावर चालतो. पट्टी जोरात दाबली की हळू, याने पेटीला काही फरक पडत नाही. मिडी कीबोर्डचं उलट आहे. तो प्रत्येक सुराबरोबर पट्टी किती वेगाने खाली गेली याचा १ ते १२७ मधला एक आकडा पाठवतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. पियानोसाठी ही सोय उत्तम. पण पेटीवाल्याच्या बोटांना दाब सांभाळायची सवयच नसते, त्यामुळे ओळ वाजवली की एक सूर ओरडतो, पुढचा कुजबुजतो. नवीन माणसाला वाटतं कीबोर्ड गंडलाय. तो ठीक असतो, फक्त त्याला भाता नसतो.

उपाय दोन टप्प्यांत. रीपरमध्ये व्हेलॉसिटीला वरची-खालची मर्यादा घालणारं छोटं प्लगइन (रीपरच्या आत चालणारा जोड-प्रोग्राम) आधीपासून येतं. दोन्ही मर्यादा एकाच आकड्यावर ठेवा, ९० वगैरे. सगळे सूर सपाट झाले. मग डावा हात, जो पेटीवर भाता मारतो, त्याला इथेही तेच काम द्या: मॉड्युलेशनचं चाक पुढे-मागे करून आवाज लहान-मोठा करायचा. मिडीत 'एक्स्प्रेशन'साठी ११ नंबरचा कंट्रोल राखून ठेवलेला आहे आणि चाक पाठवतं १ नंबर, पण ते जोडून घेता येतं. चार-पाच दिवसांत हाताला कळतं. भजनाच्या साथीत तुम्ही जो श्वास देता तो इथून येतो.

म्हणून माझ्या लेखी पेटीवाल्याने कंट्रोलर निवडताना पहिली नजर डावीकडे टाकायची, तिथे काय आहे ते बघायचं. एमपीके मिनीच्या एमके३ मॉडेलला डावीकडे छोटी जॉयस्टिक आहे. तिला स्प्रिंग आहे, सोडली की मध्यावर परत येते. भाता म्हणून ती निरुपयोगी, कारण आवाज एका पातळीवर धरून ठेवता येत नाही. नोव्हेशन लाँचकी मिनी आणि आर्टुरिया मिनीलॅब यांना बोट फिरवायच्या टच पट्ट्या आहेत. त्यांवर मॉड्युलेशन जागेवर राहतं, पण बोटाखाली काही हलत नसल्याने अंदाज यायला वेळ लागतो. खरी मजा चाकाची. एम-ऑडिओचे कीस्टेशन ४९, नेक्टारचे एसई ४९ आणि जीएक्स ४९ या साध्या कीबोर्डांना दोन्ही चाकं आहेत. पॅड नाहीत, दिवे नाहीत, दिसायला रटाळ. तुमच्यासाठी हेच.

बीट_बंड्या

ओके, जॉयस्टिकचा मुद्दा मान्य. पण एमपीके मिनीवर ८ नॉब आहेत, त्यातला एक ११ नंबरवर लावला की झालं की!

मंद्रपंचम

लागतो ना. फक्त ते नॉब आहेत उजवीकडे. उजव्या हाताने ताना घ्यायच्या आणि डावा हात त्याच्यावरून ओलांडून नॉब फिरवायचा. करून बघ आणि व्हिडिओ टाक.

बीट_बंड्या

😂 बरं बरं.

ऑर्केस्ट्रा_कोल्हापूर

नवीन काही घ्यायच्या आधी: घरात जुना कीबोर्ड आहे का कुणाचा? मागे लॅपटॉपला जोडायचं यूएसबी भोक (बहुतेक चौकोनी) असेल तर तोच मिडी कंट्रोलर आहे. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतले यूएसबी असलेले कीबोर्ड, कॅसिओ सीटी-एस३००, आमच्या लायनीत घरोघरी असलेला रोलँड एक्सपीएस-१०, सगळे लॅपटॉपला लागतात. सीटी-एस२०० ला मात्र व्हेलॉसिटी नाही. तशी तुम्हाला ती नकोच आहे म्हणा! पण पुढे मागे पियानो वाजवावासा वाटला तर अडचण.

असा कीबोर्ड लावला की सूर दोनदा ऐकू येतो, एकदा त्याच्या स्पीकरमधून, एकदा लॅपटॉपमधून. तेव्हा मेनूत 'लोकल कंट्रोल' शोधून बंद करायचा, नाहीतर सरळ व्हॉल्यूम शून्यावर.

आम्ही तर ऑक्टोपॅडसुद्धा (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) मिडीने लॅपटॉपला लावतो. त्यातल्या एसपीडी-२० ला मागे पाच पिनांचा जुना सॉकेट आहे, त्याला साधी यूएसबी-मिडी केबल लागते. १९८३ सालचं हे मानक, अजून त्याच सॉकेटवर गणपतीतले कार्यक्रम निघतायत.

केतकी_ठाणे

भाच्याचा कॅसिओ एसए-४६ पडून आहे. चालेल?

ऑर्केस्ट्रा_कोल्हापूर

नाही. त्याला मिडीच नाही. भाच्यालाच राहू द्या.

केतकी_ठाणे

मंद्रपंचम, भात्याचं वाचून एकदम पटलं. पण ४९ कीज म्हणजे केवढा मोठा? चौरंग दीड-पावणेदोन फुटांचा आहे. आणि २५ कीजमध्ये माझं खरंच भागणार नाही का? गाणं काही तीन सप्तकांत फिरत नाही.

मंद्रपंचम

पूर्ण मापाची पांढरी पट्टी साडेतेवीस मिलिमीटरची. ४९ मध्ये २९ पांढऱ्या येतात, म्हणजे नुसत्या पट्ट्याच ६८ सेंटीमीटर, वर डावीकडची चाकं. अडीच फूट धरून चाला. चौरंगावरून दोन्हीकडे बाहेर येईल. खाली फळी टाकावी लागेल.

२५ मध्ये भागवायचं असेल तर एक युक्ती आहे. २५ कीजचे कीबोर्ड पांढरी एकपासून (सी) पांढरी एकपर्यंत असतात, नेमकी दोन सप्तकं. पांढरी एकला सा धरलात तर खाली मंद्र काहीच उरत नाही. त्याऐवजी पहिली पांढरी चार (एफ) सा धरून वाजवा. मग सगळ्यात डावीकडची पट्टी होते मंद्र पंचम आणि सगळ्यात उजवीकडची तार पंचम. बहुतेक भावगीतं, अभंग त्यात बसतात. गाण्याची पट्टी (स्केल) बदलायला ट्रान्सपोजचं बटण: काळी एक हवी तर उणे ४, पांढरी पाचला अधिक २, काळी चारला अधिक ३, काळी पाचला अधिक ५. स्केल चेंजर पेटी वाजवली असेल तर हे नवीन नाही, फक्त खटक्याच्या जागी बटण.

अडचण दुसरीच आहे. २५ कीजचे स्वस्त कंट्रोलर बहुतेक मिनी कीजचे असतात. पट्टी अरुंद, आखूड, आणि काळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत बोट अडकतं. पेटीच्या पट्ट्यांवर बसलेला हात तिथे चुकत राहतो. चाल सुचली की दोन ओळी टिपायला मिनी की चालते, बसून रियाजासारखं वाजवायला नाही.

स्वरमाला

मी मिनी कीजवरच दोन वर्षं वाजवतेय, काही अडत नाही. बोटं लहान असतील तर उलट बरं पडतं. आणि मंडळाला नेता येतो. अडीच फुटांचं धूड लोकलमध्ये कोण नेणार? दुसरी बाजूही यावी म्हणून लिहिलं.

मंद्रपंचम

बरोबर आहे. म्हणूनच दुकानात जाऊन हात ठेवून बघा म्हणतो. एखादी पाठ असलेली द्रुत बंदिश मिनी कीवर वाजवा आणि मग मोठ्यावर. मुंबईत धोबी तलावला फुर्तादोस आहे, ठाण्याहून लोकलने सीएसएमटी गाठलं की तिथून लांब नाही. दुकानात उभं राहून वाजवायला लाजायचं नाही.

दूरदेशी_दादरकर

इकडे (न्यू जर्सी) सेलमध्ये बरेच स्वस्त मिळतात. कुणी भारतात येणारं असेल तर सांगा. हे कंट्रोलर यूएसबीवरच चालतात, त्यामुळे ११०-२३० व्होल्टची भानगड नाही. फक्त तिकडे बिघडला तर वॉरंटीसाठी परत इकडे पाठवायची वेळ येऊ शकते, ते आधी विचारून घ्या. ४९ कीजवाला बॅगेत मावत नाही, हेही आहे.

सेकंडहँड_सदाशिव

नवा कशाला? लॉकडाऊनमध्ये लोकांनी हौसेने घेतले आणि आता माळ्यावर आहेत. निम्म्या किमतीत मिळतात. मात्र बघून घ्यायचा. मी जाताना अँड्रॉइड फोन आणि ओटीजी केबल (फोनला यूएसबीची वस्तू जोडणारी) घेऊन जातो. फोनवर मिडी मॉनिटरचं कुठलंही फुकट अॅप चालतं, दाबलेली प्रत्येक पट्टी आकड्यासकट दिसते.

डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जोरात. हळू दाबली तरी सरळ १२७ येत असेल तर त्या पट्टीखालचा संपर्क गेलाय. एकदा दाबून दोन सूर दिसले तरी तेच. मग काही न दाबता नुसतं बघत बसायचं: आकडे आपोआप हलत असतील तर नॉब किंवा चाक खराब. पिच बेंडचं चाक सोडल्यावर बरोबर मध्यावर येतं का बघा, नाहीतर सगळं गाणं किंचित बेसूर होईल आणि कारण सापडणार नाही. शेवटी यूएसबीची वायर सॉकेटपाशी हलवा. कनेक्शन तुटत असेल तर नमस्कार करून निघायचं.

सोबतची सॉफ्टवेअरं जुन्या मालकाने आधीच आपल्या नावावर केलेली असतात, त्यामुळे "त्यात एबलटन फुकट आहे" या कारणाने कुणी पाचशे जास्त मागत असेल तर देऊ नका. मला एकाने बॉक्सचे वेगळे पैसे मागितले होते.

नादखुळा_९

मींड कशी काढायची यावर? केतकीताईंना बासरी, व्हायोलिन पण हवंय.

मंद्रपंचम

पिच बेंडच्या चाकाने. मूळ सेटिंग बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे दोन सेमिटोनचं असतं, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंतच पोचता. वाढवायचं ते कंट्रोलरमध्ये नाही, ज्या प्लगइनमधून आवाज येतो त्यात. लोक उत्साहाने १२ करतात आणि मग चाक केसभर हललं तरी सूर निसटतो. मी ५ ठेवतो, सा ते मध्यम. बहुतेक कामाच्या मींडा त्यात होतात.

पेटीच्या आवाजावर मात्र मींड काढू नका. कानाला लगेच खोटं वाटतं. मींड नाही, श्रुती नाहीत या आक्षेपांपायी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि आता आपण दहा हजारांच्या कीबोर्डवर तिला मींड शिकवणार! श्रुतींचीच हौस असेल तर सर्ज एक्सटी हा फुकटचा सिंथ बघा, त्यात हव्या त्या स्वरांतराची स्केल फाइल घालता येते. गांधार आपल्याला हवा तिथे बसतो.

पोटमाळा_स्टुडिओ

आवाजांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. कंट्रोलरमधून स्वतःहून काही वाजत नाही, हे नवीन लोकांना सांगावं लागतं. सुरुवातीला प्लोगचा स्फोर्झांडो हा फुकट प्लेअर आणि साउंडफाँट फाइली (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज) पुरे. जनरल मिडी या ठरलेल्या यादीतल्या १२८ आवाजांत १०५ ला सतार आहे, ११२ ला सनई आहे, पण आपली पेटी नाही. २१ ला रीड ऑर्गन आहे. तो नाट्यसंगीतातल्या पायाच्या ऑर्गनच्या जवळ जातो. अवांतर वाटेल, पण चालीला तो कधी कधी पेटीपेक्षा जास्त शोभतो. तेव्हा पेटीचा चांगला साउंडफाँट वेगळा शोधा, आणि व्हेलॉसिटीचं मंद्रपंचम म्हणतात ते करा.

केतकी_ठाणे

दुकानात जाऊन आले. मिनी कीजवर माझी बोटं खरोखर अडकली, स्वरमालाताई क्षमस्व. एम-ऑडिओ कीस्टेशन ४९ सेकंडहँड मिळाला, डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या मुलाकडून. बजेटच्या बऱ्याच खाली. सदाशिवरावांसारखं फोन लावून तपासला, तो मुलगा बघतच राहिला. एक पट्टी थोडी खडखडते, पण आकडे बरोबर दाखवते. उरलेल्या पैशात तारवाला हेडफोन घेतला. चौरंगावर जुन्या कपाटाचं फळकूट टाकलंय.

आता अडलंय ते असं: चाक हलवलं की आवाज मस्त लहान-मोठा होतो, अगदी भात्यासारखा. पण रेकॉर्ड केलेलं परत ऐकलं की सगळं सपाट! रेकॉर्ड झालेल्या मिडीत चाकाचे आकडे तर दिसतायत. काय चुकतंय?

पोटमाळा_स्टुडिओ

तुम्ही चाक प्लगइनच्या व्हॉल्यूमला 'लर्न' वापरून जोडलंय का?

केतकी_ठाणे

हो.

पोटमाळा_स्टुडिओ

मग बरोबर आहे. रीपरचं 'लर्न' फक्त प्रत्यक्ष कंट्रोलरकडून येणारं ऐकतं, रेकॉर्ड झालेल्या मिडीतलं नाही. वाजवताना चालतं, परत ऐकताना नाही. ते जोडलेलं काढून टाका. प्लगइनमध्ये व्हॉल्यूमचा नॉब एकदा हलवा, वरच्या 'पॅराम' बटणावर जा, 'पॅरामीटर मॉड्युलेशन' उघडा, त्यात 'लिंक फ्रॉम मिडी' ला टिक करा आणि कंट्रोल नंबर १ निवडा. हे ट्रॅकवरच्या मिडीकडे बघतं, त्यामुळे वाजवताना आणि परत ऐकताना दोन्ही वेळी चालेल. आधी रेकॉर्ड केलेलंही वाया गेलेलं नाही, आकडे त्यात आहेत.

केतकी_ठाणे

झालं!! कालचं रेकॉर्डिंगसुद्धा आपोआप नीट झालं. मनापासून आभार.

आता तानपुरा. तो मिडीने वाजवायचा की एखाद्या अॅपमधून रेकॉर्ड करून घ्यायचा? आणि चाल काळी एकमधून पांढरी दोनला नेली तर त्याचं काय करायचं?

मंद्रपंचम

त्याला नवा धागा काढा. इथे बंड्या अजून नॉबचा व्हिडिओ टाकणार आहे.

बीट_बंड्या

हात ओलांडून वाजवायचा प्रयत्न केला. व्हिडिओ टाकत नाही. बाकी एमपीके मिनी बेस्टच आहे, बीटसाठी.